निळी साय

आमच्या घरी सकाळ व्हायची ती धारेच्या आवाजाने. रिकाम्या बादलीत पहिली धार पडली की पत्र्यावर कुणी बारीक खडे टाकावेत तसा टणटणीत आवाज यायचा. बादली भरत गेली की तो जाड आणि भरीव होत जायचा, आणि शेवटी फेसात बुडून ऐकू येईनासा व्हायचा. अंथरुणात पडल्यापडल्या मला त्यावरून कळायचं की कोणती म्हैस चालू आहे आणि बादली कुठवर आली आहे. आईच्या धारेला लय होती, आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, धारेला नव्हती. आबा बसले की आमची चंद्री पाय आपटायची आणि दूध चोरायची. मग आई चुलीपासून हात पुसत यायची, त्यांना उठवायची, चंद्रीच्या पोटाला कपाळ टेकवून बसायची आणि थोड्याच वेळात टणटण सुरू व्हायची. "वढायचं न्हाई," ती आबांना म्हणायची, "नुसतं धरायचं. ती आपल्या मनानं देती." आबा दरवेळी मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा ओढायचे.

हे कोथरूडच्या गावठाणातलं. मी वयात आले तोवर आमच्या शेतांच्या सोसायट्या झाल्या होत्या. जिथे मी हरभरा उपटून खाल्ला होता तिथे स्कूटर लावायच्या शेड होत्या, आणि विहिरीच्या जागी गणपतीचं छोटं देऊळ. जमिनीच्या मोबदल्यात बिल्डरने आम्हाला रस्त्याकडेला गाळे दिले होते, त्यातला एक मेडिकलच्या दुकानाला भाड्याने होता. चुलत्यांनी म्हशी कधीच विकल्या, मोटारसायकली घेतल्या. आबांनी चार म्हशी ठेवल्या. का, असं विचारलं तर म्हणत, "सकाळी उठून करायचं काय मग?" मागे गोठा, पुढे ओटा, मध्ये दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि तिन्ही बाजूंनी चारचार मजल्यांच्या गॅलऱ्या आमच्या अंगणात डोकावणाऱ्या. आईला अंगणात बसून केस विंचरायला कधी संकोच वाटला नाही. गॅलरीतल्या बायकांनाच वाटायचा आणि त्या आत जायच्या. न्याहारीला बाजरीची भाकरी, कालच्या दुधावरची साय आणि वर तिखटाची चिमूट. म्हैस व्यायली की आठवडाभर खरवस. आजही कुणी मिठाईच्या दुकानातला खरवस पुढे केला तर मी एक घास घेते आणि गप्प बसते. चवीबद्दल खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलून कुणाचा विरस करवत नाही.

दूध मोजून घालायचं काम माझं होतं. मला हिशेबाची आवड, मापं बरोबर लागतात, पुढे नोकरीही तशीच मिळाली. पहाटे ओट्यावर कॅन घेऊन बसायचं आणि समोरच्या सोसायट्यांमधून आलेल्या किटल्या, पातेली, डबे भरायचे. सोसायट्या नवीन होत्या तेव्हा लोकांना आमच्या दुधाचा संशय होता. समोरच्या इमारतीतल्या देवधरकाकू एकदा ओट्यावर म्हणाल्या होत्या, "म्हशीने पाणी जास्त प्यायलं की काय काल?" दुसऱ्या दिवशी आबांनी मंडईजवळून लॅक्टोमीटर आणला आणि एक उंच भांडं त्याच्याबरोबर ओट्यावर ठेवून दिलं. दुधात पाणी असलं की ही काचेची नळी खोल बुडते, नसलं की वर तरंगते. ज्याला शंका येईल त्याने स्वतः बघावं. महिनाभर देवधरकाकू रोज बघत होत्या, चष्मा लावून. नंतर त्यांनी बघणं सोडलं, पण नळी ओट्यावरच्या खिळ्याला कायम टांगलेली राहिली. आबा ती रोज पुसायचे. देव पुसायचं काम मात्र ते आईवर सोडायचे.

मी अकरावीत असताना आईने माझ्या डोक्याला तेल लावता लावता माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ डाव्या पापणीकडे बघत राहिली. वरच्या पापणीवर, केसांच्या अगदी लगत, मोहरीएवढा पांढरा ठिपका होता. मी तो आरशात पाहिला होता, पण चुन्याचा डाग असेल असं समजले होते. आईने पदराने पुसून पाहिला. मग थुंकी लावून पुसला. मग ती उठून गोठ्यात गेली आणि बराच वेळ शेण काढत राहिली, खरं तर ते सकाळीच काढून झालं होतं.

कोड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. आई "डाग" म्हणायची, आबा "ते" म्हणायचे. पण भीती कशाची हे आम्हा तिघांनाही स्पष्ट होतं, आणि भीती दोन होत्या. एक, माझं लग्न. दुसरी, दूध. कोड असलेल्या मुलीच्या हातचं दूध घ्यायला लोक कचरतील. कुणाला वाटेल ते दुधातून जातं, कुणाला वाटेल ते दुधामुळेच होतं. मी घालत नसते, आई घालत असती, तरी घर तेच. आज हे लिहिताना मला त्या भीतीचा राग येत नाही. ती आमची एकट्यांची नव्हती, सगळ्यांना वाटून आली होती, आमच्या वाट्याला जरा जास्त आली एवढंच.

उपाय आत्याने काढला. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, सुतारवाडीला दिलेली, आणि घराण्यातली सगळी लग्नं तिने जमवलेली. तिच्या सुनेकडे डोळ्याला लावायची काळी लायनरची बाटली होती, पाण्याने न जाणारी. आत्या ती घेऊन आली, माझ्या दोन्ही पापण्यांवर जाड रेघ ओढली आणि म्हणाली, "बघ आता. डोळं बी मोठं दिसत्यात. लगीन हुईस्तोवर रोज लावायचं, मग पुढचं पुढं." ठिपका खरंच दिसेनासा झाला. आईने सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला.

तेव्हापासून मी पहाटे अंधारात उठून, कंदिलाएवढ्या उजेडाच्या दिव्याखाली डोळे रंगवून दूध घालायला बसू लागले. अंगावर जुना परकर-ब्लाउज, वर आबांचा स्वेटर, हाताला शेणाचा वास आणि डोळे नाचाच्या कार्यक्रमाला निघाल्यासारखे. पुण्याच्या माणसांच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. बहुतेक जण नुसतं बघायचे. देवधरकाकूंनी पहिल्याच दिवशी किटली पुढे करत विचारलं, "दूध घालायला एवढी तयारी? म्हशी ओळखतात ना अजून?" मागे उभ्या दोघीतिघी हसल्या. मीही हसले. काकूंच्या बोलण्यात खोच असायची, द्वेष नसायचा, पण हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

लावणं सोपं होतं. काढणं हा खरा त्रास. पाण्याने न जाणारी वस्तू साबणानेही जात नव्हती. संध्याकाळी दिवेलागणीनंतर आई मला समोर बसवायची, बोटावर खोबरेल घ्यायची, पापणीला चोळायची आणि मग धोतराच्या जुन्या मऊ तुकड्याने पुसायची. मऊ फडकं, पण पुसणारा हात भांडी घासणारा, शेणी थापणारा. काळं निघायचं, पुन्हा थोडं उरायचं, आई पुन्हा पुसायची. तिला एक रेघही ठेवायची नसे, कारण राहिलेला काळा रंग आत जिरेल आणि डाग वाढवेल असं तिला वाटे. डोळे लाल व्हायचे, पापणी सुजायची. मी तक्रार केली नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं की तक्रार करवत नसे; ती डाग नाही, स्वतःचं काहीतरी पुसत असल्यासारखी पुसायची.

आणि डाग वाढत गेला. मी त्याला घरातल्या डब्यांनी मोजत होते. मोहरीचा तीळ झाला, तिळाची मसूर झाली. बारावीचा निकाल लागला तेव्हा मसुरीएवढा होता, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला तुरीच्या डाळीएवढा, आणि पापणीचे चारपाच केस पांढरे झाले होते. उजव्या पापणीवरही एक मोहरी उमटली. रेघ जाड करत न्यावी लागली.

शेवटी आबाच मला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, आईला न सांगता, वैरण आणायला जातो असं सांगून. डॉक्टर वयस्क बाई होत्या. त्यांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, हे कुणाला शिवून लागत नाही, दुधातून तर नाहीच. औषध देते, थांबेल किंवा नाही थांबणार, हमी देत नाही. मग त्यांनी पापणी हलक्या बोटाने ताणून पाहिली आणि विचारलं, रोज चोळता का? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ज्यांना हे असतं त्यांच्यात काहींची कातडी जिथे घासली जाते तिथेच डाग पसरतो. लावायचं असेल तर लावा, पण काढताना घासू नका. नाहीतर लपवण्यापायी तुम्हीच तो मोठा करत राहाल.

आईला हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता. आबांनी आणि मी मिळून अर्धंच सांगितलं. न घासता काढायचं काहीतरी मिळतं, ते आणायचं, एवढंच. कशामुळे वाढला ते गाळलं. आईने अर्ध्यावरून उरलेलं ओळखलं का, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमच्या गाळ्यातल्या मेडिकलचे लिमयेकाका शनिवार पेठेतून रोज स्कूटरवर यायचे. दुकान काटेकोर, बोलणं त्याहून काटेकोर. आई त्यांना डॉक्टर म्हणायची आणि ते तिला दरवेळी सांगायचे की मी डॉक्टर नाही. आई एकटीच दुकानात गेली आणि डोळ्याचा रंग काढायचं औषध मागितलं. कुणाला हवंय विचारल्यावर पाहुण्यांच्या मुलीला, असं सांगितलं. लिमयेकाकांनी जास्त विचारलं नाही. असली वस्तू आपल्याकडे खपत नाही, मागवून घ्यावी लागेल, एवढंच म्हणाले आणि आठवड्याने बाटली आली.

ती बाटली मला अजून दिसते. तळहाताएवढी, पारदर्शक, आणि आत दोन थर. खाली पाण्यासारखं नितळ, वर आकाशासारखं निळं, मध्ये सरळ रेघ. मी कॉलेजातून परतले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. तिने सगळी बाटली एका पेल्यात ओतली होती, थर पुन्हा वेगळे होईपर्यंत थांबली होती, आणि साय काढायच्या पळीने वरचं निळं अलगद उचलून एका वाटीत घेतलं होतं. शेजारी खालचं नितळ पेल्यात, आणि त्यात आबांचा लॅक्टोमीटर वाकडा उभा.

"बघ," आई म्हणाली, "पार बुडलाय. निम्मं पानी घातलंय मेल्यांनी."

दुधात वर येतं ते खरं आणि खाली उरतं ते पाणी, हे तिला जन्मापासून माहीत. आयुष्यभर लोकांनी तिच्याकडे ज्या संशयाने पाहिलं तोच संशय आज तिला दुसऱ्यावर घ्यायला मिळाला होता, आणि त्याचं थोडं समाधानही तिच्या चेहऱ्यावर होतं. मी तिला सांगायला हवं होतं की एवढ्याशा पेल्यात लॅक्टोमीटर दुधातही तळाला टेकला असता. पण वरचं ते खरं हे मलाही पटलं होतं. मीही त्याच घरातली. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला घेतलं, तर जिथे कसं वापरायचं ते लिहिलेलं असतं तिथे दुकानाचं किमतीचं लेबल चिकटवलेलं.

संध्याकाळी आईने निळ्या सायीत कापूस बुडवून माझ्या डोळ्याला लावला. काळं पसरलं, डोळ्यावर तेलाचा पडदा आला, दिव्याभोवती रंगीत वर्तुळं दिसू लागली. खोबरेलाने व्हायचं तेच, फक्त वास वेगळा. आईने थोडा वेळ धीर धरला आणि मग सवयीने हात फडक्याकडे गेला. पुसून झाल्यावर पापणी नेहमीसारखी लाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचं आवरल्यावर आई पेला, वाटी, रिकामी बाटली आणि लॅक्टोमीटर असं सगळं ताटात मांडून दुकानाकडे निघाली. मी कॉलेजचं दप्तर घेऊन मागे. मेडिकलमध्ये देवधरकाकू रक्तदाबाच्या गोळ्या घेत उभ्या होत्या. त्यांना बघून मी आईचा पदर ओढला, पण आई आता थांबणार नव्हती. तिने ताट काउंटरवर ठेवलं.

"डाक्टर, ह्यात पानी हाय."

लिमयेकाकांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग आईकडे, मग लॅक्टोमीटरकडे. "वहिनी, मी डॉक्टर नाही," ते म्हणाले. "आणि पाणी आहे, बरोबर आहे तुमचं. ते असायलाच हवं."

आईला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. लिमयेकाकांनी वाटीतलं निळं आणि पेल्यातलं नितळ जपून पुन्हा बाटलीत भरलं, थेंब सांडू न देता. झाकण लावलं आणि बाटली जोरात हलवली. मधली रेघ नाहीशी झाली, सगळं एकसारखं फिकट निळं झालं. "तेलाने रंग सुटतो, पाण्याने तो आणि तेल दोन्ही निघून येतात. एकटं एक काही कामाचं नाही. हलवून वापरायचं. बाटलीवर लिहिलंय तसं." त्यांनी बाटली फिरवली, शोधलं, आणि मग नखाने किमतीचं लेबल उचकटलं. खाली बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतं. "लेबल माझंच," ते म्हणाले. पुण्यातल्या दुकानदाराकडून एवढी कबुली मी त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही क्वचितच.

मग त्यांनी दाखवतो म्हणून आईचा हात मागितला. माझ्या दप्तरात लायनर असायचंच. आईच्या हाताच्या मागच्या बाजूला मी रेघ ओढली, ती वाळू दिली. लिमयेकाकांनी कापूस भिजवला आणि रेघेवर नुसता ठेवला. आईचं बोट आपसूक दाबायला पुढे आलं. त्यांनी ते अडवलं. "दाबायचं नाही. ओढायचं नाही. नुसतं धरून ठेवा. ते आपलं आपण सुटून येतं."

आम्ही सगळे त्या कापसाकडे बघत उभे राहिलो, देवधरकाकूसुद्धा, गोळ्यांची पिशवी हातात धरून. थोड्या वेळाने काकांनी कापूस उचलला. रेघ कापसावर होती. हात स्वच्छ.

आई हाताकडे बघत राहिली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, पापणीकडे. तिचा चेहरा हळूहळू बदलला. गाळलेलं अर्धं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ते तिला समजलं.

"म्हशीला बी म्या असं कवा केलं न्हाई," ती म्हणाली.

एवढंच. आवाज अगदी लहान होता. लिमयेकाका वळून फडताळातल्या बाटल्या सरळ करू लागले, त्या आधीच सरळ होत्या. देवधरकाकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि माझ्या डाव्या डोळ्याकडे एकदा नीट पाहिलं. रात्रीच्या पुसण्याने आणि सकाळच्या घाईने रेघ एका बाजूला विरळ झाली होती. त्यांना दिसलं, आणि त्यांना दिसल्याचं मला दिसलं. त्या गोळ्यांची पिशवी घेऊन निघून गेल्या. मला वाटलं, उद्यापासून एक किटली कमी.

त्या संध्याकाळी आईने बाटली हलवली, ताक घुसळणाऱ्या हातानेच, गरजेपेक्षा बरंच जास्त. कापूस पापणीवर ठेवला आणि अंगठा माझ्या गालावर टेकवून नुसती बसून राहिली. कापूस थंड होता, तिचा अंगठा गरम. मागे गोठ्यात चंद्री रवंथ करत होती. बऱ्याच वेळाने आईने कापूस उचलला, काळा झालेला, आणि मला दाखवला. माझ्या मुलीच्या कपाटात आज अशा चार बाटल्या आहेत, ती टीव्हीकडे बघत एका हाताने डोळे पुसते. "आई, तू हातात घेतलीस की बाटली किती वेळ हलवत बसतेस," असं म्हणून ती हसते. मी तिला कारण सांगितलेलं नाही. आता हे वाचेल.

पुढच्या रविवारी मुळशीकडचे पाहुणे येणार होते. आत्याने जमवलेलं स्थळ, मुलगा कंपनीत, घरी भातशेती. आत्या सकाळीच आली. तिने माझी वेणी घातली, साडी नेसवली आणि स्वतःच्या हाताने डोळ्यांवर रेघा ओढल्या, नेहमीपेक्षा जाड. आईने पोह्यांसाठी कांदा चिरून ठेवला होता, ओलं खोबरं खवून ठेवलं होतं. आबा बाहेर ओट्यावर खुर्च्या मांडत होते. सगळं तयार असताना आई मधल्या खोलीत आली. तिच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्यात कापूस.

आत्याने विचारलं, हे काय. आई तिच्याकडे न बघता माझ्यासमोर बसली.

"तुजं काय म्हननं हाय, मंगल?" तिने मला विचारलं. "तू सांगशील तसं."

मला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी भ्यायले होते, ते खोटं सांगत नाही. एक रेघ होती म्हणून मुलगा हो म्हणेल आणि मग जन्मभर पहाटे अंधारात उठून, त्याला जाग यायच्या आत, दिव्याखाली बसायचं, हे मला तेवढ्या वेळात दिसलं. मी म्हणाले, "काढ."

आत्या उठून उभी राहिली. लग्न व्हायच्या आधी कुणी आपणहून दाखवतं का, तुमची मती फिरली का, माझं नाव जाईल, असं बरंच बोलली. आईने बाटली हलवली. कापूस भिजवला. माझ्या पापणीवर ठेवला.

"वन्सं," ती म्हणाली, "ह्या घरातनं पानी घातलेलं काय बी आजवर भाईर गेलं न्हाई."

दारात आबा उभे होते. त्यांनी आत्याची पिशवी उचलून खुंटीला नीट अडकवली. बस, पाहुणे येताहेत, असा त्याचा अर्थ होता, आणि आत्याला तो कळला. ती बसली.

पाहुणे आले. मुलाच्या आईने पोह्यांची ताटली घेताना माझ्याकडे बघून विचारलं, डोळ्याला लागलं का पोरीच्या. आई म्हणाली, "न्हाई. कोड हाय." त्या घरात तो शब्द पहिल्यांदा बोलला गेला, आणि तो बोलल्यावर छप्पर कोसळलं नाही. पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, गोठा पाहिला, चंद्रीचं कौतुक केलं. चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. आत्या दिवाळीपर्यंत आईशी बोलली नाही. माझं लग्न पुढे झालं, उशिरा, आणि उघड्या डोळ्यांनी झालं.

पण मला लिहायचं होतं ते पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळचं. सोमवारी मी उठले, तोंड धुतलं आणि दिव्याकडे गेलेच नाही. तशीच कॅन घेऊन ओट्यावर जाऊन बसले. पुरेसं उजाडलं होतं. एकेक किटली येत होती, एकेक नजर पापणीवर थांबत होती आणि खाली मापाकडे वळत होती. त्या आठवड्यात दोन घरांनी दूध बंद केलं, हेही इथे लिहून ठेवायला हवं. मी माप सवयीने काठोकाठ भरत होते, पण लक्ष त्या नजरांकडे होतं म्हणून ते सांडत होतं.

देवधरकाकू शेवटी आल्या, नेहमीसारख्या. त्यांनी किटली खाली ठेवली, चष्मा सावरला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं, आधी एका डोळ्याकडे, मग दुसऱ्या. खिळ्याला लॅक्टोमीटर टांगलेला होता, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"चला," त्या म्हणाल्या, "आज म्हशींनी ओळखलं असेल."

आणि किटली पुढे सरकवली. "अर्धा लिटर जास्त घाल, मंगल. खीर करायची आहे."